माया

रात्री तीनला बल्ब लावतो.
तू कोपऱ्यात उभी,
ओला फ्रॉक दोन्ही मुठींत गच्च धरून,
जणू घरात चोरी झालीय
आणि चोर तूच.

तुझी आई रात्रपाळीला, बाळंतिणींच्या वॉर्डात.
घरात आपण दोघं, शिलाई मशीन,
आणि ड्रम. ड्रमावर खडूच्या रेघा:
नळ येऊन सहा दिवस झाले,
अजून दोन काढायचेत.
वाकळ धुवायची तर तीन बादल्या जातात.
हा हिशेब माझ्या तोंडावर दिसू नये
म्हणून मी आधी बल्ब विझवतो.

सेलूतल्या आमच्या गल्लीत
तारेवर वाकळ दिसली की बातमी होते.
"आजबी का?" धुरपताबाई कट्ट्यावरून विचारते,
आणि उत्तराची वाट न बघता उपाय सांगते:
दुपारनंतर पाण्याचा थेंब देऊ नका,
तीळगूळ चारा,
चिमटा तापवून नुसता दाखवा, नुसता.
माझी बहीण म्हणाली,
सात वर्षांची घोडी झाली, लाज कशी नाही हिला?

लाजच तर आहे, आक्का.
दुसरं काय घेऊन उभी असते ती कोपऱ्यात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी
तुझं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली,
शौचाला रोज होतं का विचारलं,
मग मला सोडून तुलाच म्हणाल्या,
"झोप लई गाढ लागते ना गं तुला?"
तू मान हलवलीस. पहिल्यांदा कुणी
तुझ्या झोपेबद्दल बोललं होतं.

"पिशवी भरली हा निरोप
झोपलेल्या मेंदूला अजून पोचत नाही. पोचेल.
दिवसा पाणी भरपूर पिऊ द्या, संध्याकाळनंतर बेतानं.
झोपायच्या आधी एकदा जाऊन येत जा, बाळा.
आणि रागवायचं नाही हं. मुद्दाम कुणीच करत नाही."
मग वहीत लिहिता लिहिता,
"आईबापांपैकी कुणाला होतं का लहानपणी?"

मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत राहिलो.
बीसीजी. पोलिओ. गोवर.

परभणीचं वसतिगृह. मी नऊ वर्षांचा.
सकाळच्या प्रार्थनेआधी
ओली सतरंजी डोक्यावर घेऊन मैदानाला एक फेरी.
थंडीत तिच्यातून वाफ निघायची.
पोरांनी नाव ठेवलं तलाव.
माझं खरं नाव तिथं
फक्त हजेरीपटावर उरलं होतं.
हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

त्या आठवड्यात गणवेशाच्या ऑर्डरी होत्या.
उरलेल्या चिंध्या जोडल्या, निळ्या, खाकी,
खाली टेम्पोच्या सीटचं जुनं रेक्झीन लावलं.
तीन तुकडे शिवले, एकेक
एका बादलीत धुऊन निघेल एवढाच.
चौथा शिवला नाही.
तेवढा भरवसा ठेवला.

गिऱ्हाईक सांगतं, लेकरू वाढतंय, माया ठेवा.
मग मी शिवणीच्या आत
दोन बोटं कापड जास्त सोडतो.
बाहेरून दिसत नाही.
पुढच्या जूनला उसवलं की कामी येतं.
उस्तादांनी हा शब्द शिकवला तेव्हा
मी फक्त माप विचारलं होतं.

काल रात्री पुन्हा. तू म्हणालीस,
"पप्पा, मी जागी राहणार होते."
मी तुकडा बदलत होतो,
हात थांबले.
"मी बी," म्हणालो. "लहानपणी. मी बी."
तू अंधारातच माझं तोंड शोधलंस.
"कितव्या वर्षापर्यंत?"
"अकराव्या."
बोटं मोजलीस. "म्हणजे माझे अजून चार."
"कमी बी लागतील."
बराच वेळ गप्प.
"तुमच्या वाकळीला रेक्झीन होतं का?"
"नव्हतं."

तू कोरड्या तुकड्यावर भिंतीकडे सरकलीस,
अर्धी जागा माझ्यासाठी सोडून.